घरापुरता पावसाळा

ही २०२३ सालची गोष्ट. त्या एप्रिलात बजाजनगरात इतका अवकाळी पाऊस झाला की गल्लीत बेडकं ओरडू लागली आणि शेजारच्या कडुबांना हिवताप झाला. माझ्या लहानपणी, गंगापूरला, हिवताप पोळ्यानंतर यायचा आणि दिवाळीआधी जायचा. तेव्हा तापालासुद्धा रीतभात होती.

कडुबांना दिवसाआड हुडहुडी भरायची. त्यांनी बोटांवर मोजलं, तर आठ दिवसांनी, नातीच्या लग्नादिवशीच पाळी येत होती. श्रेयावर अक्षता गोधडीतून टाकायच्या का, या काळजीनं ते मला घेऊन आरोग्य केंद्रात गेले.

तिथले ऋतुराज साहेब वयानं लहान, पण नियमांत पक्के. रक्तात हिवतापाचे जंतू असल्याचं त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं.

"पण काका, हंगाम जूनमध्ये सुरू होतो. आत्ता गोळ्या दिल्या तर कोणत्या रकान्यात लिहू?"

"पाऊस तर पडून गेला की."

"तो अवकाळी. त्या पाण्यातल्या डासांना मान्यता नाही."

"मला चावला त्याला कुणी कळवलं नाय ते," कडुबा म्हणाले.

साहेब विरघळले. दोन दिवस फायली चाळून त्यांनी मार्ग काढला. हंगाम अलीकडे आणता येत नव्हता. पण एखाद्या जागेपुरता जाहीर करता येत होता. कडुबांच्या दारावर कागद चिकटला: 'सदर घरी आजपासून पावसाळा मानण्यात येत आहे.' गोळ्या मिळाल्या. ताप उतरला.

मग नवऱ्या मुलाचे आजोबा, तात्यासाहेब, लग्नाची तयारी बघायला आले. त्यांनी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला.

"पावसाळा म्हणजे चातुर्मास आला. चातुर्मासात लग्नं लावतेत व्हय?"

कडुबांनी त्यांना अंगणातलं रणरणतं ऊन दाखवलं.

"ऊन दिसतंय मला. पण शिक्का कागदावर हाय, उन्हावर नाय."

लग्न मोडायची वेळ आली. पावसाळा मागं घ्या म्हणून आम्ही साहेबांच्या विनवण्या केल्या. पण जाहीर झालेला पावसाळा चार महिन्यांच्या आत हलवता येत नव्हता.

शेवटी मीच तोड काढली. माझ्या घरी अजून उन्हाळा होता, म्हणून लग्न माझ्या अंगणात लावलं. मधला कठडा ओलांडून कडुबा पावसाळ्यातून उन्हाळ्यात आले आणि वरातीत लई नाचले. नळाला आठवड्यानं पाणी येतं, म्हणून मी भरून ठेवलेल्या उघड्या ड्रमांवर सगळं वऱ्हाड हातपाय धुऊन गेलं.

श्रेया आता नाशिकला सुखात आहे. लग्नानंतर पंधरवड्यात तात्यासाहेबांसह बत्तीस वऱ्हाडी थंडीनं कुडकुडले. पण त्यांच्या घरी उन्हाळा असल्यानं सगळ्यांची नोंद ऊन लागल्याची झाली. हंगामाबाहेर एकही रुग्ण नसल्याबद्दल ऋतुराज साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. कडुबा ठणठणीत आहेत; त्यांच्या घरचा पावसाळा संपवायचा आदेश मात्र कुणी काढलेला नाही.

डासांच्या अळ्या माझ्या ड्रमांत सापडल्या. तेव्हा मीही सरकारला मनसोक्त नावं ठेवली, आत्ता तुम्ही ठेवताय तशीच. जरा उठून तुमच्या कूलरच्या टाकीत डोकावून या. मी थांबते.