विराबी क्लबची तंगडी आणि जर्दाळूचं झाड

ऑस्ट्रेलियातल्या विराबी गावी हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोलिंग क्लब आहे. तिथे दर शुक्रवारी तिकिटं विकून मटणाच्या ट्रेची सोडत निघते. क्रमांक संगणकानेच काढावा, असा एकवीस वर्षांपूर्वीचा ठराव आहे. संगणकही त्याच वर्षीचा. त्या शुक्रवारी ट्रेमध्ये कोकराची तंगडी होती, आणि पडद्यावरची अक्षरं इतकी फुगली की विजेत्या आकड्याचा डावा निम्माच दिसला: ४. उरलेला पडद्याबाहेर. चाळीस ते एकोणपन्नास अशी दहा तिकिटं हवेत उंचावली. सत्तेचाळीस शाळकरी टॅमसिनचं. आईच्या वाढदिवसाला ती तंगडी आपण स्वतः भाजणार, हे तिने अख्ख्या वर्गाला सांगूनही टाकलं होतं!

क्लबचे सचिव मर्विन, म्हणजे तिचे आजोबा, गंभीरपणे उभे राहिले. "पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, ग्राफिक्स ड्रायव्हर, उडालाय. तो मिळेपर्यंत तंगडी फ्रीजरच्या ताब्यात."

"आजोबा, बादलीत चिठ्ठ्या टाका की!"

"बादलीचा ठराव आहे का?"

नव्हता. मर्विननी संगणकाच्या कंपनीला फोन लावला.

"आपलं ग्राफिक्स कार्ड निवृत्त झालंय, सर."

"मीही झालोय. म्हणून कामाला यायचा थांबलोय का?"

कंपनी म्हणाली, संकेतस्थळावर कार्ड तपासून घ्या. जुन्या संगणकावर संकेतस्थळ उघडेना. टॅमसिनने आपल्या नव्या लॅपटॉपवर उघडलं. संकेतस्थळाने तो लॅपटॉपच तपासला. उत्तर आलं: अभिनंदन! आपल्याकडे एकही जुनं कार्ड नाही. मर्विननी ते छापून फायलीला लावलं. समितीने प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केलं. दर शुक्रवारी एक ट्रे साठत गेला, तशी फ्रीजर उपसमितीही नेमली गेली.

एकतिसाव्या दिवशी टॅमसिन आजोबांच्या जर्दाळूखाली उभी होती. काकाकुव्यांना घाबरवायला फांद्यांवर जुन्या सीडी टांगलेल्या. एकीवर आजोबांचंच अक्षर: 'ग्राफिक्स ड्रायव्हर. टाकू नये.'

"आजोबाऽऽ!"

"टाकली कुठे? कपाट साफ करायचा ठराव होता, म्हणून टांगली."

कडेला चोचीचे टवके होते, तरी क्लबच्या संगणकात सीडी चालली. पडद्यावर त्या शुक्रवारचा आकडा अख्खा उमटला: ४७. टॅमसिनची किंकाळी पार हिरवळीवर ऐकू गेली.

"अभिनंदन, टॅमी," मर्विन हळूच म्हणाले. "पण दावा तीस दिवसांत करायचा असतो."

"मी पहिल्याच दिवशी हात वर केला होता!"

"दहा जणांनी केला होता, बाळा. त्याला दावा नाही, गोंधळ म्हणतात."

सीडी आता जपून ठेवायची ठरली. पण क्लबच्या खणात जागाच नव्हती. तिथे त्रेचाळीस चार्जर होते. त्यांचे फोन कधीच गेले, पण लागतील कधीतरी. सीडी पुन्हा झाडावर गेली.

हसताय? हसा. फक्त आधी तुमचा खण नीट बंद होतो का, ते बघून या.