त्यांना सांगा

गोखिवऱ्याच्या बर्फ कारखान्यात दोन भागीदार एकाच खोलीत बसत. मध्ये एक लोखंडी कपाट. अलीकडे सदानंद, लग्नाच्या हॉलांना बर्फ देणारे. पलीकडे ऑगस्टीन, पाचूबंदरच्या होड्यांना. कारखान्याच्या एकुलत्या टेम्पोवरून भांडण झाल्यापासून, म्हणजे गेलं वर्षभर, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते मॅनेजर वसुंधराकरवी.

सदानंद ओरडत, "वसुंधराबाई, त्यांना सांगा, टेम्पो म्हणजे तुमच्या बापाची होडी नव्हे!"

वसुंधरा कपाटाला वळसा घालून म्हणे, "काका, साहेब म्हणतात, टेम्पो तुम्ही अगदी होडीसारखा जपता."

"त्याला सांग, दुपारी बर्फ नेलास तर हॉलवर नुसतं पानी पोचंल!"

"साहेब, काका म्हणतात, बर्फ सकाळीच न्या. तुमचं नाव राहिलं पाहिजे."

कारखाना असा चालला होता.

त्या दिवशी चार वाजता माणिकपूरच्या बालवाडीत वसुंधराच्या अनुष्काचं स्नेहसंमेलन होतं. अनुष्का कावळा होणार होती. आठवडाभर लेकीबरोबर काव काव करून आईचा घसा पार बसला. तिने रजा कागदावर लिहून मागितली.

"माझी हरकत नाही. त्यांना विचारा," सदानंद म्हणाले.

"माजी पन नाय. पन तो काय बोलतो?"

कागद कपाटाभोवती तीन वेळा फिरला. तीन वाजले. तेवढ्यात दोन्ही फोन वाजले. माणिकपूरच्या हॉलवर बर्फ हवा, आणि भरतीला होडी सुटायची.

"त्यांना सांगा, टेम्पो माझा!"

"त्याला सांग, माजा!"

वसुंधराने तोंड उघडलं. "काऽऽ" एवढंच आलं.

शेवटी सदानंद स्वतःच कपाटाला वळसा घालून गेले. "टेम्पो मला हवाय."

"तूच बोललास ना, मी होडीसारखा जपतो म्हनून?"

"मी? मी बाप काढला होता तुझा! आणि माझं नाव राहावं, असं तूच म्हणालास ना?"

"मी? पानी पोचंल बोललो!"

दोघं वसुंधराकडे वळले. नोकरी गेली, तिने ओळखलं. तरी तिने रजेच्याच कागदावर लिहिलं, 'पाचूबंदरच्या वाटेवरच माणिकपूर लागतं.'

दोघांनी वाचलं. वर्षभर ही वाट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. ऑगस्टीन पुटपुटले, "अर्धा बर्फ हॉलवर उतरवू." सदानंद म्हणाले, "आणि बाईंना शाळेपाशी."

पावणेचारला वसुंधरा ओल्या पदराने टेम्पोतून उतरली. पहिल्या रांगेत आई दिसताच कावळा गाणं विसरला आणि नुसता हसत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वसुंधराचा घसा मोकळा झाला होता. आता दोघं बोलतात म्हटल्यावर आपलं काम काय उरलं, या धास्तीने ती आत शिरली. कपाट जागच्या जागी होतं.

"वसुंधराबाई, त्यांना सांगा—"

"साहेब, तुम्ही तर बोलता ना आता?"

"बोलून बघितलं. सकाळपासून तीन भांडणं झाली." सदानंदांनी आवाज खाली आणला. "तुमच्याकडून आलं की कसं बरं वाटतं."

पलीकडून आवाज आला, "वसुंधरा, तो बोलला ते नीट करून सांग गो!"