चार चतकोरांचं चाक

सुदामनाना खरातांची आणि तुमची पहिली भेट झाली, तर ते तुमच्या तोंडाकडे बघणार नाहीत. तुमच्या शर्टाचं टोक चिमटीत धरतील, उजेडाकडे वळवतील, एक डोळा बारीक करतील आणि म्हणतील, "बाणा तिरका हाय." बाणा म्हणजे कापडातला आडवा धागा. तो उभ्या धाग्याला काटकोनात नसला की नाना बेचैन होतात. मग ते कापड एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाच्या अंगावर का असेना.

माझ्या लग्नात ते स्टेजवर आले. फोटोवाला "इकडे बघा, इकडे बघा" करतोय आणि नाना माझ्या नवऱ्याच्या कुर्त्याची कड हॅलोजनच्या उजेडात धरून उभे. सासूबाईंना वाटलं, शिंप्याची काही मजुरी राहिली असावी. नानांनी कड सोडली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मानूस सरळ दिसतोय, वैशालीताई. कापड तिरकं हाय. चालंल." तो फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. त्यात नवरा दिसत नाही, नानांची पाठ दिसते.

राहात्याजवळ, पेरूच्या बागांच्या कडेला आमचा कापडाचा कारखाना आहे. कापड विणणं दुसरीकडे होतं. आमच्याकडे ते धुवून, रंगवून, इस्त्री केल्यासारखं सरळ करून द्यायचं. मी तपासणी खात्यात. नाना फिटर. मूळचे खर्ड्याचे, पण तीस वर्षं इकडे काढूनही त्यांची बोली खर्ड्याचीच राहिली. अंगाने काटकुळे, खिशात कायम एक पाना, आणि तोंडात एकच पालुपद, "त्यात एक गंमत हाय." मशीन बंद पडलं, गंमत. पगार लांबला, गंमत. एकदा त्यांच्या स्वतःच्या पायावर लोखंडी पट्टी पडली, तर लंगडत येऊन त्यांनी ती पट्टी कशी घसरली त्यातली गंमत आम्हाला अर्धा तास समजावून दिली. पाय सुजत होता.

कारखान्यात त्यांचा जीव एकाच मशीनवर. त्याला म्हणतात स्टेंटर. लांबलचक भट्टी समजा. तिच्या दोन बाजूंनी दोन साखळ्या पळतात. ओल्या कापडाचे दोन्ही काठ या साखळ्यांच्या टाचण्यांत अडकतात, कापड ताणलेलं आत जातं आणि वाळून, सरळ होऊन बाहेर येतं. साखळ्यांना ओढतात दोन दातेरी चाकं, एक डावं, एक उजवं. दोन्ही सारखी चालली तर कापड सरळ. एकाचे दात झिजले की त्या बाजूची साखळी मागे राहते, बाणा तिरका होतो, आणि माझ्या टेबलावर आल्यावर मला लाल खूण करावी लागते.

गेल्या वर्षी लाल खुणा फार वाढल्या. शाळेच्या गणवेशाचं चौकड्यांचं कापड होतं. साध्या कापडात तिरका बाणा लपून जातो, चौकडीत कसा लपणार? दोन लॉट परत आले. मॅनेजर सुर्वेसाहेबांनी बाहेरून एक इंजिनिअर बोलावला. त्याने लॅपटॉप उघडला, मशीनभोवती फिरला आणि सांगितलं की मशीन म्हातारं झालंय, भंगारात काढा. साहेबांनी ठरवून टाकलं, तिसरा लॉट परत आला तर स्टेंटर विकायचा आणि हे काम बाहेर पाठवायचं. स्टेंटर गेला तर त्याच्या पुढचं घडी खातंही जाणार होतं. घडी खात्यात बावीस बायका. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणाची भाजी चाखली नाही.

नाना मात्र इंजिनिअरच्या मागे मागे गेले होते. त्याच्या शर्टाची कड त्यांनी धरली, हे वेगळं सांगायला नको.

"सायब, मशीन म्हातारं न्हाई," ते म्हणाले. "डावं चाक झिजलंय. आमी ते बदलत न्हाई, कारन बदलायला दोन दिस लागत्यात. साखळी काढा, शाफ्ट काढा, मग चाक. म्हनून दात पार बोडके हुईस्तोवर चालवतो. चाक पटकन बदलता आलं पायजे."

"चाक ते चाक," इंजिनिअर म्हणाला. "ते काढल्याशिवाय बदलणार कसं?"

"त्यात एक गंमत हाय," नाना म्हणाले, पण तोवर तो गाडीत बसला होता.

ती गंमत नानांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला दाखवली, घडी खात्यात, डब्याच्या वेळी. त्यांनी बाजरीची भाकरी झाकणावर ठेवली आणि तिचे चार चतकोर केले. मग ते परत जुळवून गोल केला.

"ही भाकर म्हंजी चाक. साखळी चाकाच्या निम्म्या भागावर बसती. निम्मं मोकळं राहतं, व्हय का न्हाई? मग चाक अख्खं करायचंच कशाला? मधी एक गोल तबकडी, ती शाफ्टावर कायम. तिच्यावर दातांचे चार चतकोर बोल्टानं बसवायचे. मोकळ्या बाजूचे दोन बदलायचे, चाक अर्धं फिरवायचं, उरलेले दोन बदलायचे. साखळीला हातसुदिक लावायचा न्हाई."

घडी खात्यातल्या सिंधूबाई म्हणाल्या, "नाना, चाक झालं असंल तर भाकर खाऊन घ्या. वाळली."

सुर्वेसाहेबांनी परवानगी दिली ती विश्वासाने नव्हे, नानांनी पिच्छा सोडला नाही म्हणून. साहेब जिना उतरले की नाना खाली, साहेब गाडीशी गेले की नाना दाराशी. शेवटी साहेब म्हणाले, "करा बाबा, पण एकदाच." नानांनी तेलाच्या डब्याचे पत्रे कापून चतकोरांचे नमुने केले. लेथवाल्याच्या डोक्यावर बसून डाव्या-उजव्या दोन्ही चाकांसाठी लोखंडाचे चतकोर करून घेतले. आठ दिवस ते ताक प्यायला विसरले, आणि हा माणूस ताकाशिवाय जेवत नाही.

चाकं बसवली. आम्ही सगळे भोवती. नानांनी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ सिंधूबाईंनी फोडला. मशीन सुरू झालं. पहिली पाच मिनिटं कापड असं सरळ आलं की मी लाल खडू खिशात ठेवला. मग भट्टी पुरती तापली आणि टक्‌ टक्‌ असा आवाज सुरू झाला. साखळी दातांवर चढायला लागली. कापडाचा काठ टाचण्यांतून सुटला आणि डोळ्यांदेखत टर्रकन फाटत गेला. कुणीतरी ओरडलं, मशीन बंद झालं. साहेबांनी फाटलेल्या कापडाकडे बघितलं आणि निघून गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

नाना दोन दिवस कामावर आले नाहीत. आम्हाला वाटलं, खर्ड्याला गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरले तर नाना स्टेंटरपाशी हजर. हातात पत्र्याची पट्टी, तोंडावर फडकं.

"वैशालीताई, मी येडा हाय," ते आनंदाने म्हणाले. "साखळी मी गार असताना मापली. पन ती पळती तापून! तापल्यावर लोखंड वाढतं हे चुलीवरच्या तव्याला कळतं, मला कळलं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी मशीन पूर्ण तापू दिलं, थांबवून, कुणी चुकून सुरू करू नये म्हणून बटणाला कुलूप लावायला सांगितलं, आणि साखळी गरम आहे तोवरच दहा कड्यांची लांबी पट्टीवर खुणावून घेतली. हातमोज्यांना चटके बसून वास येत होता. मी पट्टीचं दुसरं टोक धरलं होतं. गार माप आणि गरम माप यांत फरक केसाएवढा. "पन दर दहा कड्यांना केसभर," नाना म्हणाले. "सगळ्या साखळीचे किती केस झाले, बघा." त्या हिशोबाने त्यांनी दातांमधली खाच थोडी मोकळी केली. एकेक दात कानस घेऊन स्वतः. दोन्ही चाकांचे मिळून आठ चतकोर.

साहेबांनी "एकदाच" म्हटलं होतं. दुसऱ्यांदा विचारायला नाना गेले नाहीत, सिंधूबाई गेल्या, आणि त्यांच्यामागे घडी खात्यातल्या एकवीस बायका. साहेबांच्या केबिनमध्ये तेवढी जागा नव्हती. परवानगी लवकर मिळाली.

या वेळी नारळ कुणी आणला नाही. भट्टी तापली. आम्ही टक्‌ची वाट बघत होतो. तो आला नाही. कापड येत राहिलं, चौकडीपुढे चौकडी, पट्टी लावावी तिथे सरळ. मी पहिल्या ताग्यावर हिरवी खूण केली तेव्हा सिंधूबाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की खूण लांबच लांब गेली. तो तागा तसाच पाठवला. तिसरा लॉट परत आला नाही. सुर्वेसाहेबांनी सगळ्यांसमोर नानांचा हात हातात घेतला. नानांनी दुसऱ्या हाताने साहेबांच्या बाहीची कड धरली.

महिन्याभराने एक चतकोर बदलायची वेळ आली. पूर्वी दोन दिवस जायचे, ते काम पाऊण तासात झालं. नाना म्हणाले, "ताई, तुमच्या मोबाईलवर ह्याचं शूटिंग करा. सगळं घ्या. हात कुठं कुठं जातो ते नीट दिसलं पायजे." मी केलं. मग जरा अडखळत म्हणाले, "रविवारी कोपरगावला येता का? एकाला दावायचंय. माझा फोन बटनाचा."

कोपरगावात गोदावरीच्या बाजूच्या एका गल्लीत युसूफभाईंचं घर होतं. ओट्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी मला आदाब करायला उजवा हात उचलला, तेव्हा त्या हाताला तीन बोटं नाहीत हे मला दिसलं.

"हे पन फिटर," नाना म्हणाले. "आमी जोडीनं लागलो कामाला." आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

"त्याने सांगितलं नसेल," युसूफभाई मला म्हणाले. "आम्ही चाक बदलत होतो. माझा हात साखळी आणि चाकाच्या मध्ये, बटणावर सुदाम. मी ओरडलो, 'थांब!' आवाज किती असतो तिथं, तुम्हाला माहीतच आहे. त्याला ऐकू आलं 'दाब'." ते थोडं हसले. "चूक कुणाचीच नाही, बेटा. मी त्याला हजार वेळा सांगितलं. त्याला पटत नाही. तेव्हापासून दर रविवारी येतो. माझी नखं कापतो, दाढी नीट करतो, शर्टाची बटणं तुटली असली तर लावतो. सूनबाई म्हणते, मी करते. हा ऐकत नाही."

नाना पाणी घेऊन आले. मी मोबाईल युसूफभाईंच्या हातात दिला. त्यांनी तो दोन बोटांत आणि तळव्यात नीट धरला. व्हिडिओत नाना मोकळ्या बाजूचे बोल्ट काढत होते, चतकोर उचलत होते, नवा बसवत होते. साखळी बाजूला तशीच्या तशी.

"बघ," नाना म्हणाले. "मधी हात जातच न्हाई. कुनाचाच जानार न्हाई आता."

युसूफभाईंनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते पडद्याकडे बघत नव्हते, नानांकडे बघत होते.

"छान झालं, सुदाम," ते म्हणाले. मोबाईल मला परत दिला. जरा वेळ ओट्याच्या कडेवरून बोट फिरवत बसले. "म्हणजे फिटलं सगळं. आता रविवारी कशाला येशील?"

नानांनी पाण्याचा तांब्या उगाच थोडा सरकवला. खर्ड्याचं घर बंद आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा गुजरातेत असतो, एवढं मला माहीत होतं. ते रविवार कसे काढतात, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मला एकट्याला जेवन जात न्हाई रे," नाना म्हणाले.

युसूफभाईंनी मान हलवली आणि आत वळून हाक मारली, "शबाना, तीन ताटं लाव, बेटा. आणि सुदामला ताक."