'मिठाचं अंगण'मधला खोकला

जुरेमाबाई मक्याचं वाफाळतं कुसकुस ताटलीत उपडं करत होत्या आणि रेडिओवर 'मिठाचं अंगण'मधलं शेवटचं गाणं लागलं होतं. दुसरं कडवं संपलं, गिटार थांबली. जुरेमाबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं, मान ताठ केली आणि वाट पाहू लागल्या. थोडी शांतता गेली आणि लिंदाउरा प्रादोचा आवाज थेट तिसऱ्या कडव्यावर उतरला. मध्ये काहीच नाही.

"ओस्मार!" जुरेमाबाई किंचाळल्या. "माझा खोकला गेला!"

"बरं झालं," कॉफीच्या कपातून तोंड वर न काढता नवरा म्हणाला. "कोणतं औषध घेतलंस?"

"अरे, रेकॉर्डवरचा! रेकॉर्डवरचा गेला!"

आता ओस्मारनी कप खाली ठेवला. प्रकरण साधं नव्हतं.

लिंदाउरा प्रादोची ती रेकॉर्ड त्यांच्याच शहरात, रेसीफेत, नदीकाठच्या थिएटरात, भरल्या प्रेक्षागारासमोर ध्वनिमुद्रित झाली होती. लष्करी राजवटीचे दिवस. शेवटच्या कडव्याआधी गाणारी थांबते, सगळं थिएटर श्वास रोखतं, आणि त्या शांततेत कुणीतरी खोकतं. मग ती तिसरं कडवं उचलते, आणि तिचा स्वर असा थरथरतो की दगडालाही पाझर फुटावा. ती रेकॉर्ड देशानं डोक्यावर घेतली, आणि तिच्याबरोबर तो खोकलाही. कुठल्याही मैफलीत ते गाणं झालं की त्या जागी लोक भक्तिभावानं खोकत. एका प्राध्यापकानं तर हा गप्प केलेल्या देशाचा हुंकार आहे असं लिहिलं होतं.

आणि हा हुंकार आपला आहे, असं जुरेमाबाई गेली पन्नास वर्षं काझा आमारेला पेठेतल्या बाजारात सांगत आल्या होत्या. मासेवाला त्यांना रांगेत पुढे घ्यायचा. नव्या सुनांची त्यांच्याशी ओळख 'खोकल्यावाल्या जुरेमाबाई' अशीच करून दिली जायची. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवले, पण त्यातल्या एकावरही त्यांचं नाव नव्हतं. नाव म्हणावं असं जे काही होतं, ते त्या खोकल्यात होतं.

गाणं संपलं. निवेदक कौतुकानं सांगू लागला, की सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत नव्या तंत्रानं जुना सगळा कचरा काढून टाकला आहे.

"कचरा!" जुरेमाबाई म्हणाल्या. "मला कचरा म्हणाला!"

"तुला नाही गं, खोकल्याला."

"एकच ते!" त्यांनी एप्रन सोडला. "खोकला परत आणल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. सांगून ठेवते."

"जुरेमा, मला आठवतं त्याप्रमाणे त्या दिवशी..."

"तुला काय आठवतंय? तू मान खाली घालून बसला होतास. अख्खं थिएटर वळून माझ्याकडे बघत होतं, माझ्याकडे!"

ओस्मारनी कप पुन्हा उचलला.

जुरेमाबाईंनी आधी साव पाउलोला रेकॉर्ड कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीनं त्यांना थांबायला सांगितलं आणि थांबण्याच्या वेळात वाजण्यासाठी 'मिठाचं अंगण' लावून दिलं, तेही बिनखोकल्याचं. दर वेळी ती जागा आली की जुरेमाबाई फोनमध्ये स्वतः खोकायच्या. शेवटी मुलगी लाइनवर आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आजारी वाटता. बरं वाटलं की फोन करा." आणि फोन ठेवला.

मग त्या बाजारातल्या छोट्या रेडिओ केंद्रावर गेल्या. तिथली तायनारा ही पंचविशीतली मुलगी सकाळपासून कोथिंबिरीचे भाव वाचून कंटाळली होती. तिला हे प्रकरण म्हणजे आंधळ्याला डोळेच.

"म्हणजे मावशी, तुमचा खोकला चोरला?"

"चोरला नाही, पुसला. चोरला असता तर कुठेतरी वाजला तरी असता!"

दुपारी हे बोलणं प्रसारित झालं आणि संध्याकाळपर्यंत केंद्राचा फोन तापला. अर्धं शहर 'खोकला परत द्या' म्हणत होतं. उरलेलं अर्धं म्हणत होतं, की खोकला आमचा आहे. एका दंतवैद्यानं तो आपल्या स्वर्गवासी आईचा असल्याचं सांगितलं. एकजण तर त्या वर्षी जन्मलाही नव्हता, पण आपल्या घराण्याचा खोकला आपण ओळखतो म्हणाला. तायनारानं सगळ्यांना वाटेला लावलं. एक मात्र हटेना. निवृत्त वकील एराक्लितो.

ते पांढरा सूट घालून केंद्रावर आले आणि माइकसमोर उभे राहून बोलले, "पहिल्या रांगेत सरकारी सेन्सॉर बसला होता. मी त्याच्या बरोबर मागे होतो. बोलायला बंदी होती, लिहायला बंदी होती. मी त्याच्या मानेवर खोकलो! विचारपूर्वक खोकलो!"

"विचारपूर्वक कुणी खोकतं का?" जुरेमाबाई घरी रेडिओकडे बघून ओरडल्या. "ओस्मार, ऐकलंस? खोटारडा!"

"ऐकलं," ओस्मार म्हणाले. "जुरेमा, जाऊ दे ना आता. मी तुला एक सांगू का..."

"नंतर सांग. आधी हा वकील."

गोष्ट वर्तमानपत्रात गेली, तशी कंपनीला जाग आली. त्यांनी कळवलं, की खोकला आम्ही सन्मानानं परत घालू, खोकणाऱ्याचं नाव वेष्टनावर छापू. फक्त तो कुणाचा ते ठरू द्या. आमची ध्वनितंत्रज्ञ सिलेने शनिवारी सकाळी मूळ ध्वनिमुद्रण घेऊन बाजारात येईल, तिच्यासमोर दोघांनी खोकून दाखवावं.

इथे घोडं अडलं. जुरेमाबाईंना खोकला येईना. तब्येत ठणठणीत. 'खॉक' म्हणून बघितलं, तर कोंबडीनं दाणा टिपल्यासारखा आवाज आला. पण बाई हटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी कंबर कसली. ओल्या केसांनी पंख्यासमोर बसल्या. बर्फ घातलेलं ग्वारानाचं सरबत पेलेच्या पेले रिचवलं. कसाव्याचं कोरडं पीठ चमच्यानं तोंडात टाकलं. शेजारणीच्या खोकणाऱ्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "खोक रे राजा, माझ्याकडे तोंड करून खोक."

शुक्रवारी गुण आला. पण खोकला आला नाही, शिंका आल्या.

शनिवारी बाजारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टॅपिओकावालीनं तवा बंद ठेवला होता. तायनारा केंद्राचा माइक आणि फोन बाहेर आणून सगळं रेडिओवर थेट ऐकवत होती. सिलेने साव पाउलोच्या काळ्या कोटात घामानं निथळत होती.

आधी वकील उभे राहिले. रुमालानं ओठ टिपले आणि खोकले. खोकला भारदस्त होता. त्याला सुरुवात होती, मध्य होता, आणि शेवटी किंचित विराम होता. टाळ्या पडल्या.

मग जुरेमाबाई. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं आणि अशी शिंक दिली की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. टाळ्या वकिलांपेक्षा जास्त पडल्या.

"रेकॉर्डवर शिंक नाही, बाई," वकील म्हणाले.

"आतमध्ये खोकलाच आहे," जुरेमाबाई नाक पुसत म्हणाल्या. "वाटेत बदलला. वाजवा तुमचं मुद्रण! दूध का दूध होऊन जाऊ दे."

"हे मूळ मुद्रण आहे," सिलेने म्हणाली. "रेकॉर्ड काढताना खोकल्यानंतरचा तुकडा कापला होता. तोही यात आहे. अजून कुणीच ऐकलेला नाही."

ओस्मार हळूच उठले आणि गर्दीतून बाहेरची वाट शोधू लागले, पण गर्दीनं वाट दिली नाही.

गिटार थांबली. शांतता पसरली. खोकला आला, नेहमीचा, सगळ्यांच्या कानांत बसलेला. आणि त्याच्या पाठोपाठ, बाजारातल्या पोरासोरांनाही ओळखू येईल असा, तरुण पण तोच, खणखणीत आवाज आला:

"ओस्मार! माणूस आहेस की बैल? तोंडावर हात धर!"

मग कुणीतरी लांबलचक "शूऽऽ" केलं, आणि लिंदाउरा प्रादो गाऊ लागली.

सगळ्या माना ओस्मारकडे वळल्या.

"उकडलेली शेंग होती," ओस्मार पुटपुटले. "घशात अडकली. तूच भरवली होतीस."

जुरेमाबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आणि पन्नास वर्षं मूग गिळून बसलास?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, बायकोचं श्रेय लाटतोस, लाज नाही वाटत? मग मला खरंच लाज वाटली. आणि नंतर नंतर तू इतकी खुशीत सांगायचीस, की वाटलं, असू दे. मला कुठे हवा होता तो खोकला?"

हशा पिकायला हवा होता, पण जुरेमाबाईंचा चेहरा बघून कुणी हसलं नाही. त्यांना मासेवाल्याची रांग आठवली, झालंच तर नव्या सुना आठवल्या. आपण अख्ख्या पेठेला पन्नास वर्षं नवऱ्याची शेंग विकली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पिशवी उचलली. वकील मात्र गडबडीनं माइककडे धावले.

"ते 'शूऽऽ' माझं! माझंच!"

"त्यातही सेन्सॉरचा निषेध होता का?" तायनारानं विचारलं.

"अर्थातच!"

एवढ्यात केंद्राचा फोन वाजला. तायनारानं कानाला लावला, आणि तिचे डोळे मोठे झाले. तिनं आवाज कर्ण्यावर सोडला. बाई म्हातारी होती, आवाज घोगरा झाला होता, पण तो न ओळखणारं बाजारात कुणी नव्हतं.

"मी लिंदाउरा. रेडिओ ऐकतेय मी मघापासून. ती बाई आहे का तिथे? बैल म्हणणारी?"

"आहे," जुरेमाबाई कशाबशा म्हणाल्या. "माफ करा, मी तुमचं गाणं..."

"माफी मी मागायला हवी. अगं, तुझं ते वाक्य ऐकून मला असं हसू फुटलं! समोर सेन्सॉर, वर दिवे, आणि मी पोटात हसू दाबून तिसरं कडवं गातेय. त्यानं स्वर थरथरला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की लिंदाउराच्या स्वरात देशाचं दुःख थरथरलं. आता पन्नास वर्षं लोक त्या थरथरण्यावर रडतायत. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते, की ते हसू आहे म्हणून?"

आता मात्र बाजार फुटला. टॅपिओकावाली तव्यावर उलथणं बडवू लागली. वकीलही हसले, आणि हसता हसता खोकले.

जुरेमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, नाक पुसलं आणि सिलेनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"खोकला याच्या नावावर छापा," त्या ओस्मारकडे बोट दाखवून म्हणाल्या. "शूऽऽ वकिलांना द्या, तेही एक समाधान. पण माझं वाक्य पूर्ण ठेवायचं, एक अक्षर गाळायचं नाही. आणि मुली, आवाज जरा बारीक आलाय. वाढव."

सिलेनेनं वाढवला. नवी आवृत्ती बाजारात आली तशी पहिलीपेक्षा जास्त खपली. आता मैफलीत ती जागा आली की कुणी खोकत नाही. रेसीफेपासून पार दक्षिणेतल्या पोर्तो अलेग्रेपर्यंत अख्खं थिएटर एका आवाजात गरजतं, "ओस्मार! माणूस आहेस की बैल?" जुरेमाबाई पहिल्या रांगेत मान ताठ करून बसलेल्या असतात. आणि शेजारी ओस्मार, दर वेळी, दचकून तोंडावर हात धरतात.