दहा टक्के प्रभूचे

"या रविवारी चर्चचं छप्पर जागेवर राहिलं तर मला विचारा," असं चर्चचे मानाचे सेवक डीकन ल्युशियस टार्पली यांनी शनिवार संध्याकाळपर्यंत निदान वीस जणांना ऐकवलं होतं. कारणही तसंच होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या 'पुरुषांच्या रविवारी' पाळकांच्या जागी उपदेश करायचा मान यंदा त्यांचा होता. उपदेश नुसता बोलायचा नव्हे, तर शेवटी गायचा. डीकनने ओळ टाकायची, ऑर्गनने ती उचलायची, मंडळींनी उभं राहायचं. अकरा महिने न्हाणीघरात त्याची तालीम चालली होती.

पण त्याच शनिवारी गावचं कॉलेज अमेरिकन फुटबॉलचा, हातांनी चेंडू फेकायचा, सामना जिंकलं आणि चर्चच्या अंगणात मासे तळता तळता वाद पेटला, की या विजयात कुणाचं श्रेय किती?

डीकननी निकालच देऊन टाकला. "नव्वद टक्के क्वार्टरबॅकचं. केशॉन मेबरीने चेंडू फेकला म्हणून जिंकलो. उरलेले दहा टक्के प्रभूचा दशांश. हिशेब संपला."

"आणि आमचा डेमेट्रिक?" मक्याच्या पिठात मासे घोळवत अर्थलीन पिकेट यांनी शांतपणे विचारलं; मंडळीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डेमेट्रिक त्यांचा नातू. दोन पायांमधून चेंडू मागे केशॉनच्या हातात द्यायचा आणि मग समोरून धावून येणारे तीन-तीन मणांचे गडी छातीवर झेलायचे, हे त्याचं काम.

"त्याचं काय," डीकन म्हणाले, "वाकून उभं राहायचं."

सिस्टरनी हात पुसले आणि त्या घरी गेल्या.

"उद्या ऑर्गन कोण वाजवणार आहे, आठवतंय ना?" डीकनच्या पत्नी ओझेलाबाईंनी घरी जाताना वाटेत विचारलं. डीकन तेव्हा मनातल्या मनात वरची पट्टी लावत होते.

रविवारी चर्च खचाखच भरलं. पहिल्या बाकावर केशॉन आणि त्याच्या शेजारी दीड माणसाची जागा अडवून डेमेट्रिक. डीकननी बायबलातली गोष्ट काढली, मेंढपाळ पोरगा दावीद राक्षसी गल्याथला लोळवतो ती. बोलणं झकास रंगलं. मग त्यांनी रुमाल काढला, डोळे मिटले आणि सूर लावला, "दावीद एकटाऽऽ होता..."

ऑर्गन गप्प.

त्यांनी ओळ पुन्हा म्हटली. आधार नसलेला त्यांचा सूर दावं सुटलेल्या वासरासारखा चर्चभर उधळला. "प्रभो, सांभाळ याला," मागून कुणीतरी पुटपुटलं. डीकननी एक डोळा किलकिला केला. ऑर्गनपाशी बसलेल्या सिस्टर अर्थलीन मांडीवर हात ठेवून, छप्पर अजून जागेवर आहे ना, ते पाहत होत्या.

डीकननी रुमाल कपाळावर फिरवला. अकरा महिने पाण्यात जायची वेळ आली होती. मग त्यांनी गातच माघार घेतली, "नव्वद नसेल... ऐंशी असेल..."

ऑर्गनमधून एक बारीक स्वर आला, कानाशी डास गुणगुणावा तसा. मंडळींच्या ध्यानात आलं. "उतरा, डीकन, अजून उतरा," असा पुकारा सुरू झाला. सत्तरला दोन स्वर मिळाले, साठला सिस्टरचा डावा हात जागा झाला, पन्नासला ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या.

"चाळीऽऽस!" डीकन कळवळून गायले. "पन्नास वाकून उभं राहणाऱ्यांचे, दहा प्रभूचे! दावीद रणात गेला, तेव्हा मागे त्याची मेंढरं कुणी राखली? शास्त्रात त्या राखणदाराचं नावसुद्धा नाही!"

आणि ऑर्गन असा गरजला की खिडक्या थरथरल्या. बायकांच्या रविवारच्या टोप्या हलल्या, मंडळी उभी राहिली. डेमेट्रिक तर रडतच उभा राहिला आणि बाकही त्याच्याबरोबर थोडं उठलं.

जेवणाच्या वेळी जो तो सिस्टरना मिठी मारत होता, "काय वाजवलंत आज!" डीकनकडे कुणी फिरकेना.

"उभा मी होतो," ते बायकोपाशी कुरकुरले. "गळा माझा बसला. मला काहीच श्रेय नाही?"

"मिळेल की," ओझेलाबाई म्हणाल्या. "सिस्टर वाढताहेत, रांगेत उभे राहा."

सिस्टरनी डीकनच्या वाडग्यात पीच घालून भाजलेला गोड, गरम कॉब्लर काठोकाठ वाढला. डीकन हरखले. मग सिस्टरनी त्यातला अर्धा डेमेट्रिकच्या ताटात ओढला आणि एक चमचा शेजारी बसलेल्या पाळकांना दिला.

"घ्या, डीकन," त्या म्हणाल्या. "हिशेब संपला."

पाळकांनी चमचा चाटूनपुसून साफ केला आणि आमेन म्हटलं.