सगळे बाक फळ्याकडे

कॅफे सजवणं म्हणजे काय मोठं! जन्मभर वर्ग सजवले मी. म्हणून यंदा, दोन हजार सात साली, माझा पुतण्या प्रणित म्हणाला, "काका, भाईंदर पूर्वेला कॅफे काढतोय. सगळं जुनं सामान वापरायचं, एकदम फॅक्टरीसारखा लूक!" तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, "मांडणी माझ्यावर सोड!"

प्रणितचा जीव मात्र भलत्याच ठिकाणी अडकला होता. त्याला संपदाशी लग्न करायचं होतं आणि तिचे वडील, काशीगावचे गुणवंतराव, उद्घाटनाला येऊन मुलाचा धंदा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होते. मगच होकार की नकार!

सामान आलं. कारखान्यांतून तेलाची पिंपं आणि लोखंडी पाइप, एका बंद पडलेल्या शाळेतून बाक आणि फळा. भिंतींना गिलावा करायचाच नाही, असं ठरलेलं. पिंपांचा काउंटर केला, पाइपांना दिवे टांगले, फळ्यावर मेन्यू लिहिला आणि बाक लावले. कसे? सगळे रांगेत, फळ्याकडे तोंड करून! दुसरीकडे तोंड केलेला बाक मला बघवतच नाही.

शेजारच्या हंसाबेन डोकावल्या. "सर, प्लास्टर कब होगा?"

"नहीं होगा. ऐसाही रखना है."

"कोई बात नहीं. पढ़ाई अच्छी है ना?"

मला वाटलं, प्रणितच्या शिक्षणाची चौकशी करताहेत. "एकदम अच्छी! बी.कॉम. फर्स्ट क्लास!"

हंसाबेन खूश होऊन गेल्या. जाताना बिल्डिंगमधली प्रत्येक बेल वाजवत गेल्या, हे मला नंतर कळलं.

उद्घाटनाच्या संध्याकाळी दार उघडलं, तर बाहेर ही गर्दी! आईबाप, पोरं, पोरांच्या पाठीला दप्तरं.

"काका, हाऊसफुल्ल!" प्रणित नाचायचाच बाकी होता.

पण गिऱ्हाइकं विचित्र. "आत येऊ का सर?" असं विचारून येत होती. मागचे बाक आधी भरले, पहिला रिकामाच. हेडमास्तर वर्गात शिरल्यासारखी सगळी चिडीचूप! प्रणितने एका मुलाला विचारलं, "काय घेणार?" तो ताडकन उभा राहिला.

"गणित, सर!"

प्रणित माझ्या कानाला लागला. "काका, गणित आपल्या मेन्यूत आहे?"

मी वळून फळा बघितलाही! नव्हतं.

एवढ्यात हंसाबेननी लेकीला पुढे ढकललं. "सर, हमारी पिंकी को फ्रैक्शन नहीं आता." पिंकीच्या डोळ्यांत पाणी. आता सांगा, मी काय करणार होतो? उचललं डस्टर!

"काका, मेन्यू!" प्रणित किंचाळला. तोवर कोल्ड कॉफी पुसली गेली होती.

"ओरडू नकोस. एक सँडविच आण, चार सारखे तुकडे करून. पिंकी, त्यातला एक तुकडा म्हणजे किती?"

पिंकीने डोळे पुसले. "एक छेद चार?"

"शाब्बास! खा तो. आता किती उरले?"

बरोबर त्याच वेळी गुणवंतराव दारात! मागे संपदा, चेहरा खडूसारखा पांढरा.

"बाबा, हाच तो कॅफे..."

गुणवंतरावांनी पिंपं पाहिली, बाक पाहिले, फळ्यावरचे अपूर्णांक पाहिले. मग पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले. प्रणित पिंपांमागे उभा राहून घाम पुसत होता. गिलावा न केलेल्या भिंतीचा रंग त्याच्या तोंडावर उतरला होता!

तास संपला. गुणवंतराव उठले आणि त्यांनी प्रणितच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हो! मुलगा हॉटेल काढतोय असं ही म्हणाली, म्हणून मी नाही म्हणायलाच आलो होतो. क्लास आहे हे आधी नाही का सांगायचं? वर मुलांना खाऊसुद्धा! ठरलं लग्न!"

प्रणितने खरं सांगायला तोंड उघडलं. संपदाने त्याच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं.

लग्नाआधी त्यांना खरं सांगायचं ठरलंय. ते मीच सांगावं, असं प्रणितचं म्हणणं. सांगणार आहे ना! फक्त आमचे अपूर्णांक तेवढे संपू देत. मध्येच सोडलं तर पोरांचा फार गोंधळ उडतो हो!