मदत लागत नाही, आभारी आहे

रकाना १. अर्जदाराचे नाव

सेड्रिक हॅल्सॉल. वय एक्क्याऐंशी. चौतीस वर्षं लँकशायरच्या बसगाड्यांत तिकीट तपासनीस. अशा माणसाने भरलेल्या फॉर्मात कुणी चूक काढून दाखवावी! हे ते स्वतःच रोज सांगत, आणि लार्च कोर्ट या म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या घरातले बाकीचे दहा जण मुकाट्याने डॉमिनो मांडत.

त्यामुळे सरकारचा कागद आला तो थेट त्यांच्याच पुढ्यात. सरकारला अचानक साक्षात्कार झाला होता की देशात देखभालीची घरं किती, तिथे राहतं कोण आणि त्यांची नेमकी काय देखभाल होते, हे आपल्यालाच ठाऊक नाही. घरभाड्याची मदत मात्र वर्षानुवर्षं चालू! तेव्हा आता माहिती सुधारायची. सेड्रिकनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं की अकराही फॉर्म आपण भरून घेणार, आणि इतकी चोख माहिती लंडनला आजवर कुणी धाडली नसेल.

लार्च कोर्टाची देखभाल करणारी बर्नाडेट नेमकी त्या आठवड्यात रजेवर वेल्सला गेली होती. ती असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

रकाना २. आपणास कोणती मदत मिळते? (योग्य चौकटीत खूण करावी)

आता या मुलखातल्या म्हाताऱ्याचा पाय तुटून हातात आला, तरी तो म्हणणार, तक्रार अशी काही नाही. स्टॅन्ली पिलिंगना विचारलं, अंघोळीला मदत लागते का? ते दुखावलेच. बर्नाडेट फक्त टॉवेल धरते, म्हणाले. आणि खांदा. आणि एकदा घसरलो तेव्हा सगळाच मी. पण ती मदत नव्हे, माणुसकी.

औषधं? ती नुसती हातावर ठेवते, गिळतो आमचे आम्ही.

अकरा म्हातारे, प्रत्येकी चौदा प्रश्न, एकशे चोपन्न खुणा. सगळ्या ‘नाही’च्या चौकटीत, सैनिकांसारख्या ओळीत. तळाशी प्रत्येकाने एकच वाक्य लिहिलं: मदत लागत नाही, आभारी आहे.

रकाना ३. (कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.)

देखभाल: शून्य. सबब हे देखभालीचं घर नाही. सबब भाड्याची पूर्ण मदत बंद. सबब बर्नाडेटचं पद पुढच्या महिन्यापासून रद्द.

रकाना ४. तक्रार असल्यास (जागा अपुरी पडल्यास जोडपत्र लावावे)

जोडपत्रं सात लागली. तरी पोट भरेना, म्हणून सेड्रिकनी नगरपालिकेला फोन लावला.

“बर्नाडेट इथे काही करत नाही, असं तुम्हाला सांगितलं तरी कोणी?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. “कुणी सी. हॅल्सॉल म्हणून आहेत. त्यांनी.”

सेड्रिकनी फोन ठेवला. संताप काही ठेवता येईना. चूक प्रश्नाचीच होती! भल्या माणसाला कुणी ‘मदत लागते का’ असं विचारतं? त्या अर्थाचं आठवं जोडपत्र त्यांनी लगेच लिहायला घेतलं.

वेल्सहून परतलेल्या बर्नाडेटने कोटही न काढता फॉर्मांच्या प्रती वाचल्या. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

“अकराच्या अकरा ‘नाही’,” ती म्हणाली. “अहो सेड्रिक, मग मी सकाळी सातपासून इथे करते काय? डॉमिनो पुसते?”

रकाना ५. प्रत्यक्ष पाहणी

नगरपालिकेच्या मिस थ्वेट आल्या त्या दिवशी अकराही जण टाय लावून बसले होते. टाय बर्नाडेटने बांधले होते.

“आजोबा, तुम्हाला काही त्रास...”

“हॅल्सॉल,” सेड्रिक म्हणाले. “आजोबा घरी.”

स्टॅन्ली तर प्रश्नाचीही वाट न पाहता उठले आणि काठीशिवाय टेबलाला फेरी मारायला निघाले. अर्ध्या फेरीत बर्नाडेटने खुर्ची अशी बेमालूम सरकवली की ते मुद्दामच बसले असं वाटावं. मिस थ्वेटनी ते पाहिलं. पण आपल्याला पाहिलेलं लिहिता येत नाही, अर्जदाराने सांगितलेलंच लिहिता येतं, असं त्या ओशाळून म्हणाल्या. आणि मग पेन धरून वाट पाहत राहिल्या.

बर्नाडेट कपबशा आवरायला लागली.

“ती माझी बटणं लावते,” सेड्रिक गालिच्याला उद्देशून म्हणाले.

“आणखी?”

“मोजे.”

“आणखी?”

“मी कधीकधी बायकोसाठी, मार्जरीसाठी, चहा ओततो. मार्जरीला जाऊन सहा वर्षं झाली. बर्नाडेट काही बोलत नाही. दुसरा कप घेते आणि स्वतः पिऊन टाकते.”

स्टॅन्ली खाकरले आणि म्हणाले की त्या अंघोळीचं लिहून घ्या. मग कोपऱ्यातून कुणी गोळ्यांचं, कुणी जिन्याचं. सगळे खिडकीबाहेर बघत बोलत होते.

एवढ्यावर पद राहील, भाड्याची मदतही, मिस थ्वेट म्हणाल्या. फक्त फॉर्म नव्याने भरून द्यावे लागतील. सेड्रिकचा फॉर्म बर्नाडेटने लिहिला, तिनेच वाचून दाखवला, त्यांच्या नाकावर चष्मा चढवला, बोटांत पेन दिलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

सहीखाली बारीक अक्षरात शेवटचा प्रश्न होता. हा अर्ज भरताना आपण कोणाची मदत घेतली काय?

सेड्रिकनी ‘नाही’च्या चौकटीत ठसठशीत खूण केली. खूण करताना मनगट बर्नाडेटने धरलं होतं, ते सोडा.